कॅरेल यांचे ‘अमर’ हृदय

१८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुऱ्याने वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती सांधण्याची विद्या तेव्हाच्या शल्यविशारदांकडे नव्हती. कार्नो दगावले. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या विशीतल्या अलेक्सिस कॅरेल यांच्या मनात ही घटना घर करून राहिली. भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून ते बारीक सुईने टाके घालायला शिकले आणि रक्तवाहिन्या जोडण्याची त्यांनी बसवलेली पद्धत शस्त्रक्रियेत रुळली. पुढे ते अमेरिकेत गेले. १९१२चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मिळाले ते याच कामासाठी.

मात्र त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते कोंबडीच्या हृदयामुळे. त्याच वर्षी १७ जानेवारीला, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, त्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा बारीकसा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. आधाराला कोंबडीच्याच रक्तातील प्लाझ्मा आणि खुराक म्हणून गर्भाचा अर्क. सहकारी अल्बर्ट एबेलिंग यांनी ते संवर्धन वर्षानुवर्षे सांभाळले. खरे तर धडधड कधीच थांबली होती. उरल्या होत्या त्या संयोजी ऊतीच्या पेशी. पण वृत्तपत्रांना ‘हृदय’च हवे होते आणि त्याचे वाढदिवसही साजरे होत.

या प्रयोगांतून एक मोलाची गोष्ट हाती लागली. १९२१ साली कॅरेल आणि एबेलिंग यांनी दाखवले की, वयस्क कोंबडीच्या सीरममध्ये पेशींची वाढ मंदावते, तर गर्भाच्या अर्काने ती जोमाने होते. पेशींना काय खाऊ घालतो, यावर त्यांचे वागणे ठरते!

कॅरेल यांचा निष्कर्ष मात्र भलताच मोठा होता: शरीराबाहेर पेशी कधीच मरत नाहीत. त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे तो जवळजवळ अर्धशतक टिकला. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी पेशींचे विभाजन साधारण पन्नास वेळांनंतर थांबते, हे दाखवले. मग कोंबडीच्या पेशी चौतीस वर्षे कशा जगल्या? संशय गेला तो खुराकावर. गर्भाच्या अर्कातून काही जिवंत पेशी दर वेळी पात्रात उतरत असाव्यात. आता याची शहानिशा होणे अशक्य आहे, कारण ते संवर्धन १९४६ मध्ये बंद झाले.

कॅरेल ते पाहायला नव्हते. माणसांची निवड करून वंश सुधारण्याचा हिरिरीने पुरस्कार करणारा हा शास्त्रज्ञ फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या आश्रयाने संस्था चालवत होता. १९४४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले.

आज प्रयोगशाळांत गाईच्या गर्भाचे सीरम सर्रास वापरतात. वाढीला चालना देणारे घटक त्यात भरपूर आणि प्रतिपिंडे कमी असतात. ते अतिसूक्ष्म छिद्रांतून गाळलेले असते, त्यामुळे पेशी त्यातून येत नाहीत. विषाणू मात्र येऊ शकतात, म्हणून त्यांची चाचणी वेगळी. शिवाय हे जनावराचे रक्त. एक खेप दुसरीसारखी नसते. म्हणून जाणते संशोधक आधी नमुना मागवून आपल्याच पेशींवर पारखतात आणि पसंत पडलेल्या खेपेच्या बाटल्या पुढच्या कामापुरत्या राखून ठेवायला सांगतात.