विकत घेतलेला माणूस : एपिक्टेटस

ग्रीक तत्त्वज्ञ म्हटले की आपल्याकडे सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही तीन नावे घेतली जातात आणि विषय तिथेच संपतो. परंतु त्यांच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी एक असा तत्त्वज्ञ होऊन गेला की जो जन्माने गुलाम होता. त्याचे नाव एपिक्टेटस. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी मिळवलेला, विकत घेतलेला असा होतो. बाजारातून आणलेल्या वस्तूला द्यावे तसे हे नाव!

इ.स. 50 च्या सुमारास हिरापोलिस या गावी त्याचा जन्म झाला. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात पामुक्कले येथे आहे. पुढे तो रोमला एपाफ्रोडिटस नावाच्या मालकाच्या घरी राहिला. हा मालक नीरो बादशहाचा चिटणीस होता आणि गंमत बघा, तोही पूर्वी गुलामच होता! त्याच्या घरातली एक हकीकत एपिक्टेटस पुढे आपल्या शिष्यांना सांगत असे. जोडे शिवणारा एक गुलाम कामाचा नाही म्हणून मालकाने विकून टाकला. तो नेमका बादशहाच्या वाड्यात गेला आणि बादशहाचे जोडे शिवू लागला. झाले! तोच मालक आता त्याची विचारपूस करू लागला, त्याच्या पुढेपुढे करू लागला. खरा गुलाम कोण, हे एपिक्टेटसने असे घरातच पाहिले.

तो पायाने अधू होता. मालकाने पाय पिरगळून मोडला असे काही जुने लेखक सांगतात, काही संधिवाताचे कारण देतात. काही असो, जन्मभर तो लंगडतच चालला.

गुलाम असतानाच त्याला म्यूसोनियस रूफस हे गुरू लाभले. मुलींनाही मुलांप्रमाणे तत्त्वज्ञान शिकवावे, असे सांगणारे हे गृहस्थ स्टोइक पंथाचे होते. स्टोआ म्हणजे खांबांची ओसरी. अथेन्समधल्या अशा एका ओसरीवर इ.स.पूर्व 300 च्या सुमारास झेनोने शिकवायला सुरुवात केली, म्हणून पंथाला हे नाव पडले.

पुढे एपिक्टेटसची गुलामीतून सुटका झाली आणि तो स्वतः शिकवू लागला. इ.स. 90 च्या आसपास डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकलून दिले, तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली. बड्या घरची पोरे लांबून येऊन या लंगड्या माणसासमोर बसत. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. शिष्य ॲरियन याने त्याची प्रवचने उतरवून घेतली. अलेक्झांडरचा इतिहास आणि भारताविषयीचा 'इंडिका' ग्रंथ लिहिणारा ॲरियन तो हाच. प्रवचनांच्या आठ भागांपैकी चार आज उपलब्ध आहेत.

त्याचे मुख्य सांगणे साधे होते. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. शरीर, पैसा, मानमरातब, लोकांचे मत या गोष्टी हातातल्या नाहीत. त्या कोणीही हिसकावून घेईल. मात्र एखाद्या गोष्टीला होकार द्यायचा की नकार, हे मालकालाही ठरवता येत नाही. पायाला बेडी पडेल, त्या निर्णयाला पडत नाही.

इथे मनात एक शंका येतेच. मन मोकळे असले म्हणून पायातली बेडी हलकी होते काय? गुलामगिरी ही चालच मोडून काढा, असे एपिक्टेटसने म्हटले नाही. ही त्याच्या विचारातली मोठी उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. तरीपण गुलाम हासुद्धा त्याच देवाचे लेकरू आणि मालकाचा भाऊच आहे, हे त्याने श्रीमंतांच्या पोरांना तोंडावर सांगितले. पुढे मार्कस ऑरेलियस हा रोमचा बादशहा त्याची प्रवचने वाचून घडला. बादशहाने एका गुलामाला गुरुस्थानी मानावे, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याची राहणी अगदी साधी होती. म्हातारपणी एका मित्राचे टाकून दिले जाणारे मूल त्याने आपल्या घरी आणून वाढवले. एकदा त्याचा लोखंडी दिवा चोरीला गेला, तेव्हा आता मातीचा आणू, असे म्हणून तो मोकळा झाला. इ.स. 135 च्या सुमारास तो वारला. त्याचा तो मातीचा दिवा नंतर एका हौशी माणसाने तीन हजार द्राख्मा मोजून विकत घेतला म्हणे, त्याच्या उजेडात वाचले की आपणही शहाणे होऊ या आशेने. लूशियन या लेखकाने त्या गिऱ्हाइकाची यथेच्छ टिंगल केली आहे.