हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (जन्म : मिरज, मे १९०५, मृत्यू : २० नोव्हेंबर १९८९) या हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याच्या गायिका होत्या. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भावगीत आणि भजन या सर्व प्रकारांवर त्यांचे प्रभुत्व होते. गाणाऱ्या स्त्रीकडे समाज साशंकतेने पाहत असे त्या काळात जाहीर मैफलीच्या व्यासपीठावर स्त्रीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. रसिकांमध्ये त्या 'गानहिरा' या बिरुदाने ओळखल्या जातात.

== कौटुंबिक पार्श्वभूमी ==

हिराबाईंचे मूळ नाव चंपाकली. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील, तर बडोद्याच्या माने सरदार घराण्यातील ताराबाई माने या त्यांच्या आई. बडोदा संस्थानात दरबारी गायक असताना खाँसाहेबांचा ताराबाईंशी परिचय झाला. पुढे दोघांनी बडोदा सोडले आणि मुंबई, मिरज, पुणे अशा ठिकाणी त्यांचे वास्तव्य झाले. या दांपत्याच्या पाच अपत्यांनी संगीतक्षेत्रात नाव मिळवले : सुरेशबाबू माने, कृष्णराव माने, हिराबाई, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे.

१९२० च्या दशकाच्या प्रारंभी ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही आणि त्यांची मूळ नावेही मागे पडली. संसाराचा भार ताराबाईंवर आला. अशा स्थितीत मुलांची गायनकला हाच या कुटुंबाचा मुख्य आधार ठरला.

== संगीत शिक्षण ==

हिराबाईंना आरंभीचे मार्गदर्शन थोरले बंधू सुरेशबाबू यांच्याकडून लाभले. त्यानंतर किराणा घराण्याचे दुसरे आधारस्तंभ अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांची रीतसर तालीम झाली. अतिविलंबित लयीत एकेका स्वराने राग उलगडत नेणारी वहीद खाँ यांची पद्धत त्यांनी आत्मसात केली. वडिलांच्या गायकीतील आर्त गोडवाही त्यांच्या गाण्यात होता. या दोन धारांचा मेळ हे त्यांच्या गायनाचे वैशिष्ट्य मानले जाते.

== मैफलींची कारकीर्द ==

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या प्रोत्साहनाने हिराबाई तरुण वयातच जाहीर व्यासपीठावर गायल्या. त्या काळी स्त्रियांचे गाणे प्रामुख्याने खासगी बैठकींत होई आणि ते व्यवसायाने गाणाऱ्या विशिष्ट समाजांतील स्त्रियांपुरते मर्यादित होते. गाण्याबरोबर अदाकारीचीही अपेक्षा असे. हिराबाईंनी हा संकेत मोडला. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हातवारे न करता, शांतपणे बसून त्या गात. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्या मैफलींना कुटुंबवत्सल स्त्रियाही निःसंकोचपणे येऊ लागल्या आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलींना गाणे शिकवण्याकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलली.

ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांमुळे त्यांचा आवाज देशभर पोहोचला. दिल्लीत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्याच्या प्रसंगी 'वंदे मातरम्' गाण्याचा मान त्यांना मिळाल्याचे चरित्रपर लेखनात नमूद केले जाते. १९५३ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासमवेत त्यांनी केलेले सहगायनही लोकप्रिय झाले. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाण्याची प्रथा त्यातून रूढ होण्यास मदत झाली.

== रंगभूमी आणि चित्रपट ==

ताराबाईंनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय सुरू केले आणि त्याला जोडून नाटक मंडळीही काढली. मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष नट करत असत आणि बालगंधर्व कीर्तीच्या शिखरावर होते, तो हा काळ होता. या मंडळीत मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत. 'सौभद्र', 'संशयकल्लोळ' यांसारख्या नाटकांत हिराबाई आपल्या भावंडांसह रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्या पदांना रसिकांची दाद मिळाली, पण व्यवसाय म्हणून मंडळी टिकली नाही. बोलपटांच्या आगमनाने सर्वच नाटक कंपन्या अडचणीत आल्या होत्या. मंडळी बंद पडल्यावर राहिलेले कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. 'सुवर्णमंदिर', 'प्रतिभा', 'जनाबाई' अशा काही चित्रपटांतूनही त्यांनी काम केले. तथापि त्यांचा ओढा अखेरपर्यंत मैफलीकडेच राहिला.

== गायनशैली ==

किराणा घराण्यात लयकारीपेक्षा स्वराला अधिक महत्त्व दिले जाते. हिराबाईंच्या गाण्यात हे तत्त्व स्पष्ट दिसते. त्यांचा आवाज नाजूक व सुरेल होता. आलापी संथ, तान मोजकी आणि स्वरोच्चार मृदू असे. रागाचा विस्तार त्या आटोपशीर ठेवत. त्यामुळे शास्त्राची जाण नसलेला श्रोताही त्यांच्या गाण्यात रमत असे. काही समीक्षकांना त्यांच्या गायकीत तालाशी चालणाऱ्या खेळाची उणीव जाणवली. मात्र त्यांच्या सुरेलपणाबद्दल दुमत नव्हते. तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत रागाचे पूर्ण रूप उभे करण्याचे त्यांचे कौशल्य आजही अभ्यासले जाते.

== सन्मान ==

* संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६५)
* पद्मभूषण (१९७०)
* विष्णुदास भावे पुरस्कार

== शिष्यपरंपरा आणि वारसा ==

सुरेशबाबूंचे १९५३ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांना पुढील मार्गदर्शन हिराबाईंनी केले. प्रभा अत्रे यांनी किराणा गायकी पुढच्या पिढीपर्यंत नेली आणि सुरेशबाबू व हिराबाई यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह आयोजित केले. किराणा घराण्याच्याच गंगूबाई हनगल यांना तरुणपणी हिराबाईंच्या गाण्याने प्रेरणा दिली होती.

आज स्त्री कलावंताने शास्त्रीय संगीताची स्वतंत्र जाहीर मैफल करणे ही सर्वसामान्य बाब आहे. ही वाट तयार करण्यात हिराबाईंचा मोठा वाटा आहे. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचे नव्या माध्यमांतून पुनःप्रकाशन झाल्याने त्यांचा स्वर त्यांना प्रत्यक्ष न ऐकलेल्या श्रोत्यांपर्यंतही पोहोचला आहे.