ऋणमुक्त विनोदकार

हसविणाऱ्या लेखकास जग आवडीने वाचते, परंतु गांभीर्याने क्वचितच घेते. विनोद म्हणजे ताटातील कोशिंबीर, पक्वान्न नव्हे, अशी समजूत आपल्याकडेही रूढ आहे. अमेरिकेचे ख्यातनाम विनोदकार मार्क ट्वेन यांचे चरित्र या समजुतीस छेद देते. आयुष्यभर लोकांना हसविणाऱ्या या माणसाच्या जीवनाचा धागा धरून पाहू गेल्यास हाती लागते ते ऋणाचे जागते भान, असे आम्हांस वाटते.

सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमन्स हे त्यांचे मूळ नाव. ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसुरी राज्यातील फ्लॉरिडा या खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी ते वाढले. अकराव्या वर्षी पितृछत्र हरपले व लवकरच छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम नशिबी आले. १८५९ मध्ये त्यांना आगबोटीच्या पायलटचा परवाना मिळाला. परंतु दोनच वर्षांत यादवी युद्धाने नदीवरील वाहतूक थांबविली. गुलामगिरीच्या पक्षाने लढणाऱ्या दक्षिणेच्या एका हौशी पथकात जेमतेम दोन आठवडे काढून ते पश्चिमेस नेवाडात गेले आणि तेथे वृत्तपत्रात लिहू लागले. मार्क ट्वेन हे नाव त्यांनी १८६३ मध्ये घेतले. पाणी दोन वाव खोल आहे, असे सांगणारी ती खलाशांची आरोळी. दोन वाव म्हणजे बारा फूट, बोटीस निर्धोक पाणी. किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे माप परके वाटू नये.

‘टॉम सॉयर’ १८७६ मध्ये आणि ‘हकलबेरी फिन’ १८८४-८५ मध्ये प्रसिद्ध झाले. कीर्तीमागोमाग संपत्ती आली. पण ती टिकली नाही. खिळे आपोआप जुळविणाऱ्या एका यंत्राच्या नादी लागून त्यांनी सुमारे तीन लाख डॉलर गमावले आणि १८९४ मध्ये त्यांची प्रकाशनसंस्थाही बुडाली. दिवाळखोरीच्या आश्रयाने धनकोंची अंशतः बोळवण करणे कायद्याने शक्य होते. तथापि पै न पै फेडण्याचा निश्चय ट्वेन व त्यांच्या पत्नी ऑलिव्हिया यांनी केला, आणि साठीच्या उंबरठ्यावर, प्रकृती ठीक नसताना, ते जगभर व्याख्याने देत निघाले. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस उतरले. पुणे व बडोदे येथेही गेले. हा दौरा आटोपून ते इंग्लंडमध्ये असताना, ऑगस्ट १८९६ मध्ये, त्यांची चोवीस वर्षांची कन्या सूझी मायदेशी मृत्यू पावली. त्या दुःखातही लेखणी थांबली नाही. १८९८ मध्ये सर्व कर्ज फिटले.

परंतु याहून मोठे एक ऋण त्यांनी मानले होते, आणि त्याचा तगादा कोणत्याही न्यायालयाने लावलेला नव्हता. मुंबईच्या हॉटेलात एका जर्मन गृहस्थाने हिंदी नोकरास क्षुल्लक कारणावरून थप्पड मारली व नोकराने ती मुकाट्याने सोसली. ते पाहताच ट्वेन यांना आपले बालपण आठवले. त्यांच्या वडिलांच्या पदरी गुलाम होते, आणि एका गुलामास धन्याने लोखंडी दगड फेकून ठार केल्याचे त्यांनी लहानपणी पाहिले होते. ही आठवण त्यांनी प्रवासवर्णनात निःसंकोच नोंदविली. त्यापूर्वी १८८५ मध्येच त्यांनी येल येथे कायदा शिकणाऱ्या वॉर्नर मॅग्विन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या निर्वाहखर्चाचा भार उचलला होता. गोऱ्या समाजाचे हे देणे आहे, दान नव्हे, अशी त्यामागे त्यांची धारणा होती. मॅग्विन बाल्टिमोरचे नामवंत वकील झाले आणि तेथे नवोदित वकील थर्गूड मार्शल यांना त्यांनी पाठबळ दिले. हेच मार्शल १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. एका विनोदकाराने फेडलेल्या हप्त्याचे व्याज केवढे झाले पाहा!

उतारवयात बहुतेक लेखक सन्मान स्वीकारीत स्वस्थ बसतात. ट्वेन यांनी मात्र फिलिपाइन्स गिळंकृत करणाऱ्या स्वदेशाच्या सरकारवर लेखणी चालविली आणि काँगोत अनन्वित अत्याचार करविणारा बेल्जमचा राजा लिओपोल्ड याचा १९०५ मध्ये उपहासाने समाचार घेतला. साम्राज्यविरोधी संघाचे उपाध्यक्षपद त्यांनी १९०१ पासून अखेरपर्यंत भूषविले. धर्म व सुधारणा यांच्या नावाने आलेल्या परसत्तेचा साडेचारशे वर्षे अनुभव घेतलेल्या गोमंतकास या धैर्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

हॅलेचा धूमकेतू आकाशात असताना ते जन्मले, आणि तो परतला असतानाच २१ एप्रिल १९१० रोजी निवर्तले. ‘हकलबेरी फिन’वरील वाद मात्र संपले नाहीत. १८८५ मध्ये काँकर्डच्या ग्रंथालयाने ते असभ्य म्हणून बाहेर काढले. पुढे त्यातील कृष्णवर्णीयांविषयीच्या हीन शब्दामुळे शाळांतून आक्षेप आले. तो शब्द बोचतो हे खरेच. परंतु पळून निघालेल्या गुलामास साथ देणारा पोरगा त्याच पुस्तकात आहे, हे विसरून चालणार नाही.

आज विनोदास तोटा नाही. दुबळ्याच्या जातीवर, भाषेवर, व्यंगावर हशा पिकविणे सोपे असते, आणि त्यास काही किंमत मोजावी लागत नाही. ट्वेन यांनी आधी स्वतःच्या घराकडे, मग स्वतःच्या देशाकडे बोट दाखविले. विनोदाचा खरा कस तेथेच लागतो. शास्त्रांनी माणसाच्या जन्माबरोबर येणारी ऋणे सांगितली आहेत; आपल्या समाजाने ज्यांना चिरडले त्यांचेही ऋण त्यांत धरावे, एवढा बोध या चरित्रातून घेतला तरी पुष्कळ झाले.