बेलिस यांचे संशोधन आणि सार्वजनिक तिजोरी

आषाढीला नामदेव पायरीशी लोटांगण घातलेला वारकरी उठून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मेंदूकडील रक्ताचा दाब एकाएकी उतरतो. तरीही सहसा त्याला घेरी येत नाही. मेंदूतील धमन्या काही क्षणांत सैलावतात आणि रक्तप्रवाह सावरला जातो. यामागील एक मूलभूत तत्त्व प्रथम उलगडून दाखविण्याचे श्रेय विल्यम मॅडॉक बेलिस या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे जाते.

बेलिस यांचा जन्म १८६० चा, एका सधन लोखंड-कारखानदाराच्या घरातला. वैद्यकाचा अभ्यास मध्येच सोडून त्यांनी शरीरक्रियाशास्त्र पत्करले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हयात वेचली. मेहुणे अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्यासमवेत १९०२ मध्ये त्यांनी सिक्रेटिन हे संप्रेरक शोधले व त्यांची कीर्ती झाली. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा निबंध मात्र मागे पडला. मज्जातंतूंचा संबंध तोडला तरी दाब वाढताच धमनीचा स्नायू आकसतो आणि दाब उतरताच सैलावतो, असे त्यात दाखविले होते.

भूल न देता कुत्र्यावर प्रयोग केल्याचा जाहीर आरोप झाला, तेव्हा १९०३ मध्ये त्यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला. भरपाईचे २,००० पौंड त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊन टाकले. १९२२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९२४ मध्ये ते निवर्तले.

त्यांचा निबंध १९४९ मध्ये स्वीडनच्या फोल्को यांनी पुन्हा चर्चेत आणला. १९७६ मध्ये एकेका आयनमार्गातील विद्युत्प्रवाह मोजण्याचे तंत्र हाती आले आणि निरीक्षणामागील यंत्रणा उकलू लागली. दाबाने स्नायुपेशी ताणली जाते. तिच्या पटलातील काही आयनमार्ग उघडून धनभारित आयन आत येतात. पटलावरील विद्युत्भार बदलतो. त्यामुळे कॅल्शियमचे मार्ग उघडतात व स्नायू आकसतो. उच्च रक्तदाबावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्या याच कॅल्शियम-मार्गांना रोखतात.

अर्थात या गोळ्या बेलिस यांच्या निबंधातून थेट निघाल्या नाहीत. परंतु त्यांचे कार्य समजण्यास लागणारे ज्ञान अशाच निरुपयोगी भासणाऱ्या कामांतून साचत गेले. बेलिस सधन होते, म्हणून तात्काळ फळाची चिंता त्यांना नव्हती. पंढरपूरसारख्या गावच्या महाविद्यालयातील हुशार विद्यार्थ्याला ती चैन परवडत नाही. पदवी हाती पडताच त्याला नोकरी शोधावी लागते. हा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलावयास हवा. मूलभूत संशोधनाच्या अनुदानाला वर्षअखेरीच्या ताळेबंदाचा निकष लावला, तर १९०२ चा तो निबंध पहिल्याच वर्षी नापास ठरला असता.