पंडिता रमाबाई व आईच्या मांडीवरील शाळा

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत लहान लेकरांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे आईबापांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. मूल अजून लहान आहे, शाळेत घातले म्हणजे मास्तर शिकवतील, आम्हां अडाणी माणसांस काय येते? शिरोळच्या मळीत दिवसभर भांगलण करून आलेल्या माउलीच्या तोंडी हे शब्द आले तर तिला दोष देववत नाही. दुसऱ्या बाजूस कित्येक घरी तीन वर्षांच्या लेकरास फी भरून बाकावर बसवितात आणि त्याच्या हाती पेन्सिल लवकर आली एवढ्यातच धन्यता मानितात. विद्या घराबाहेरच असते व ती कोणीतरी परक्याने द्यावयाची असते, ही चुकीची समजूत दोन्ही घरी सारखीच आहे. ह्या समजुतीचा विचार करण्यास पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके उपयोगी दुसरे चरित्र आम्हांस दिसत नाही. केडगावच्या मुक्तिसदनाची माउली म्हणून त्यांचे नाव आपल्या लहानथोरांस ठाऊक आहे. तथापि त्या लहान लेकरांच्या शिक्षणाच्या किती मोठ्या जाणत्या होत्या, हे थोड्यांस ठाऊक असेल.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ ब्राह्मण होते. विद्यार्थिदशेत पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीस संस्कृत शिकविले जात आहे हे त्यांनी पाहिले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. पुढे ती वारल्यावर लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यांस मात्र शास्त्रीबोवांनी नेटाने शिकविले. स्त्रीस देववाणी शिकविली म्हणून त्यांस विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. तो त्यांनी शास्त्राधारे दिला. मग त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथे उगम पावणाऱ्या तुंगा व भद्रा ह्या नद्या एक होऊन शेवटी आपल्याच कृष्णेस मिळतात. ह्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सुमारे सहा महिन्यांचे होते, तेव्हा घरची स्थिती खालावली आणि ते कुटुंब यात्रेस निघाले. डोंगर उतरताना लहानग्या रमेस वेताच्या पेटीत घालून गड्याच्या डोक्यावर दिले होते. तेव्हापासून अनेक वर्षे ह्या कुटुंबास घर असे राहिले नाही. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, लोक जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. पाटी नाही, बाक नाही, मास्तर नाही. तरी लेकरू सदोदित शिकतच होते, कारण आईबापांचे वाचन रात्रंदिवस त्याच्या कानी पडत होते.

रमाबाई सुमारे आठ वर्षांच्या झाल्यावर आईने नेमाने शिकविणे आरंभिले. वडील वृद्ध झाले होते, म्हणून हे काम लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर स्वयंपाकपाणी व कामे यांतून त्यांस उसंत नसे. म्हणून त्या पहाटेच उठत, जमिनीवर झोपलेल्या मुलीस हळूच उचलून मांडीवर घेत, गोड बोलून तिची झोप मोडीत, आणि पाखरांचा किलबिलाट सुरू झाला की एकेक श्लोक तिजकडून म्हणवून घेत. पुस्तक म्हणजे आईचे मुखच. ह्या शाळेतून अठरा हजार श्लोकांचे भागवत मुलीस मुखोद्गत झाले असे सांगतात. पुढे १८८७ साली रमाबाईंनी अमेरिकेत इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला तो त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला. एवढ्या मोठ्या विदुषीने आपल्या विद्येचे श्रेय कोणास दिले, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाईंची शिकवण प्रेमाची होती, पण ती पाठांतराची होती, खेळाची नव्हती. लेकराच्या खेळातही शिक्षण असते, ही दुसरी गोष्ट रमाबाईंस पुष्कळ पुढे, समुद्रापलीकडे समजावयाची होती.

मध्यंतरीची वर्षे दुःखाची गेली. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप व वडील बहीण ही अन्नान्नदशेत वारली. बहीणभावंडांपैकी रमाबाई व श्रीनिवास ही दोघेच उरली, व पायी भ्रमण करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधूही वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात त्यांस कन्या झाली, तिचे नाव मनोरमा. परंतु कन्या एक वर्षाचीही झाली नव्हती, तोच १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. चोवीस वर्षांची ती विधवा लेकरास घेऊन पुण्यास आली, तिने आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली ती विलायतेस गेली. तेथे वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी डॉक्टरीची पदवी घेणार होत्या. त्या समारंभास रमाबाई मनोरमेस घेऊन गेल्या. ह्या आनंदीबाईंस आपल्याच कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमिले होते. पण त्या कामावर रुजू होण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. रमाबाई अमेरिकेत थोडे दिवसच राहावयाच्या होत्या, त्या दोन वर्षांहून अधिक राहिल्या. त्याचे एक मोठे कारण हे की, तेथे त्यांनी किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, ही शिक्षणपद्धती पाहिली.

ही पद्धती जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल ह्याने काढिली. तो एका लूथरन पाळकाचा मुलगा. जन्म १७८२ चा. एक वर्षाचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली. आईवाचून वाढलेल्या ह्या मनुष्याने आयुष्यभर हाच विचार केला की, आई लेकराशी जे खेळते त्यात किती शिक्षण भरलेले आहे. १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी संस्था काढिली व १८४० साली तिला बालकांची बाग असे नाव दिले. बागेत माळी रोपास ओढून वाढवीत नाही. माती, पाणी व ऊन देतो, आणि वाढविणारा परमेश्वर असतो. लेकराचेही तसेच, असे त्याचे म्हणणे. त्याची साधने अगदी साधी होती. लोकरीचे सहा रंगीत चेंडू. लाकडाचा गोळा, चौकोनी ठोकळा व नळकांडे. आठ लहान ठोकळे मिळून झालेला एक मोठा ठोकळा. ते लेकराने हाताळावे, उघडावे, रचावे, पुन्हा पहिल्यासारखे करावे. मोजणे, आकार व रंग ओळखणे आणि वस्तू जागेवर ठेवणे, हे सर्व त्या खेळात आले. यांबरोबर गाणी, बोटांचे खेळ, मातीकाम व बागकाम असे. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने ह्या शाळांस बंदी केली व पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. परंतु ते बी समुद्रापलीकडे जाऊन रुजले होते.

रमाबाई मोठ्या पंडिता, वय अठ्ठावीस वर्षांचे, तरी फिलाडेल्फियात त्या विद्यार्थिनी होऊन ही पद्धती शिकावयास बसल्या. मराठीत सचित्र बालबोध पुस्तके करावी, व स्वदेशी जाऊन विधवा मुलींस हे शिक्षण द्यावे, म्हणजे त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील आणि लेकरांचेही कल्याण होईल, असा त्यांचा विचार होता. पण ह्याच वेळी त्यांस एक कठीण गोष्ट करावी लागली. व्याख्यानांसाठी गावोगाव फिरताना लेकराची आबाळ होऊ लागली असती, म्हणून पाच वर्षांच्या मनोरमेस त्यांनी वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठविले. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी खेळ व गाणी शिकणाऱ्या ह्या मातेचे स्वतःचे लेकरू समुद्रापलीकडे होते. कामासाठी लेकरे आजीपाशी ठेवून दूर जाणाऱ्या आपल्यातील माता रमाबाईंचे दुःख न सांगताच जाणतील.

१८८९ साली रमाबाई स्वदेशी परतल्या, आणि ११ मार्च रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथील अभ्यासक्रमात त्यांनी बालोद्यानाच्या शिक्षणास स्थान दिले. मनोरमाही आईपाशी येऊन तेथेच शिकू लागली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणिल्या, आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील मंडळी सुमारे दोन हजारांपर्यंत गेली. भुकेने हाडे निघालेली, कोणी कधी प्रेमाने हाक न मारलेली ही लेकरे होती. त्यांस प्रथम पुस्तक देऊन काय उपयोग? आधी अन्न, मग ममता, मग हातांस काम व मुखात गीत, आणि त्यांबरोबर अक्षर, असाच तेथील क्रम होता. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणिली, आणि ज्यांस डोळे नव्हते त्या बोटांनी वाचू लागल्या.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते त्यांनी साध्या भाषेत केले, कारण खेड्यातील साध्या बायकांस ते कळावे असा त्यांचा हेतू होता. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आईने हा घाव सोसून काम तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये विसावल्या.

ह्या चरित्रातून दोन गोष्टी आपण आपल्या घरी न्याव्या. लक्ष्मीबाईंपासून ही की, शाळेस वेळ नसला तरी पहाटेची घटका असते, आणि पुस्तक नसले तरी आईचे मुख असते. फिलाडेल्फियातील रमाबाईंपासून ही की, खेळ म्हणजे वेळ फुकट घालविणे नव्हे. विद्वत्तेच्या शिखरावर पोहोचलेली स्त्री ज्यासाठी पुन्हा विद्यार्थिनी झाली, ती वस्तू क्षुल्लक कशी असेल?

आणि ह्या खेळास पैसा लागत नाही. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी केंद्र काढिले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. विकतची साधने गरिबास परवडत नाहीत हे पाहून त्यांनी बिया, शिंपले, पाने, खडे अशा गावातच मिळणाऱ्या वस्तूंनी मुलांस शिकविले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी निघाली. तेच नाव आज गावोगाव झाले आहे.

शिरोळच्या मातेपाशी काय कमी आहे? नदीकाठचे गुळगुळीत गोटे आहेत. ते लहानमोठे लावावे. चिंचोके आहेत, ते पाचपाचांच्या राशींत मांडावे. काळी माती आहे. तिचा बैल, तिची चूल, तिचा नोहाचा तारू लेकराने करावा. भाकरी थापताना ताटे किती, माणसे किती, हे लेकरानेच सांगावे. रानात जाताना पिकांची, पाखरांची, झाडांची नावे पुसावी. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगून एकाने लपावे व दुसऱ्याने शोधावे. जो सापडेल त्याला खांद्यावर घ्यावे. मग प्रभूचा दाखला त्या लेकरास जन्मभर विसरणार नाही. मात्र जे मूल अजून वस्तू तोंडात घालते त्याच्या हाती चिंचोके व बारीक खडे देऊ नयेत. शिवाय पाच-सात वर्षांच्या आत अक्षर सुरेख आले नाही म्हणून कोणी मारू नये.

अंगणवाडी असेल तेथे लेकरास अवश्य पाठवावे. घरची शाळा तिच्या विरुद्ध नाही. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने ती लहानग्यांस आहार, लसीकरण व खेळातून शिक्षण देते. सरकारच्या २०२० च्या शिक्षणविषयक धोरणानेही तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणास शिक्षणाचा पाया म्हटले आहे आणि त्यात खेळास मान दिला आहे. लक्ष्मीबाईंस हे सांगणारे कोणी नव्हते, तरी त्यांनी मुलीस मांडीवर घेतले.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, उपासनेस आलेल्या लहानग्यांस मागे गप्प बसवून ठेवू नये. उपासनेपूर्वी पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी द्यावी. एक गीत हातवारे करून म्हणवावे, एक गोष्ट मातीने किंवा गोट्यांनी दाखवावी. आठवड्यातून एकदा मातांस जमवून हे खेळ त्यांस दाखवावे. जी स्त्री वाचू शकत नाही तिलाही येथे शिक्षिकेचा मान आहे, हे तिला स्पष्ट सांगावे. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्या घरात आधी वसला होता, हे पौलाने मुद्दाम लिहून ठेविले आहे.

शिरोळच्या प्रत्येक ख्रिस्ती घरी दिवसाची एक घटका लेकरासाठी राखिली जावो, आणि ज्या प्रभूने बालकांस जवळ घेतले तो आपल्या मातांस धीर व आनंद देवो, अशी आमची प्रार्थना आहे.