आकाशाचा जमाखर्च : जे. आर. डी. टाटा
(द्वितीय वर्ष, कला)

थोर माणसांची चरित्रे वार्षिक अंकात दरवर्षी येतात. त्यांतली बहुतेक गरिबीतून वर आलेल्यांची असतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, फाटक्या वह्या, अर्धपोटी काढलेले दिवस! ती वाचून माझ्यासारख्याला धीर येतो. या अंकासाठी मात्र मी ज्याला गरिबी कधी शिवलीसुद्धा नाही, अशा माणसाची निवड केली आहे. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, अर्थात जे. आर. डी. श्रीमंताच्या घरी जन्मलेल्या माणसापासून शेतकऱ्याच्या मुलाने काय घ्यावे, असे कुणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. आपल्या हाती सोपवलेला दुसऱ्याचा पैसा कसा सांभाळावा, हे त्यांच्यापासून घ्यावे.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. आई फ्रेंच, वडील पारशी. बालपण फ्रान्स, मुंबई आणि जपान असे तीन ठिकाणी विखुरलेले. केंब्रिजला शिकायला जाण्याची त्यांची मोठी इच्छा होती. पण वडिलांनी पेढीत बोलावून घेतले आणि १९२५ च्या अखेरीस ते बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या कचेरीत दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले. विद्यापीठात जाता आले नाही ही खंत त्यांना जन्मभर राहिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. इतक्या संपन्न माणसाला जे हुकले ते आपल्याला मिळत आहे, हे वाचून मी क्षणभर थबकलो.

विमानाचे वेड त्यांना लहानपणापासून होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट हे वैमानिक हवाई टपालाची योजना घेऊन टाटांकडे आले. टाटा सन्सने दोन लाख रुपये गुंतवले. सरकारच्या संमतीसाठी तीन वर्षे वाट पाहावी लागली. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. यांनी ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे चिमुकले विमान स्वतः चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे! सरकारी अनुदान नव्हते. जेवढे टपाल न्यावे तेवढाच मोबदला. तरीही पहिल्या वर्षाअखेर सुमारे ६० हजार रुपये नफा झाला. काटकसरीची ही सवय पुढे लाखांचे कोटी झाले तरी सुटली नाही.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. १९४८ साली परदेशी उड्डाणांसाठी सरकारची ४९ टक्के भागीदारी घेऊन एअर इंडिया इंटरनॅशनल निघाली आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले. १९५३ साली सरकारने सर्व विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जे. आर. डी. यांचा त्याला विरोध होता, पण ते रुसून घरी बसले नाहीत. सरकारने विचारले तेव्हा त्यांनी नव्या महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढे पंचवीस वर्षे एक पैसाही पगार न घेता सांभाळले. मालकी गेली, जबाबदारी मात्र राहिली. माझ्या मते त्यांच्या चरित्राचा खरा गाभा येथे आहे.

या महामंडळापुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता तो जुनी विमाने बदलण्याचा. विमान किती देखणे आहे हे प्रवासी पाहतो. ते किती झिजले हे हिशेबनीसाला पाहावे लागते. अर्थशास्त्राच्या तासाला घसारा हा शब्द मी प्रथम ऐकला, पण त्यातली गोष्ट मला घरचीच वाटली. आमच्याकडे बैल थकण्याची वाट कुणी पाहत नाही. जोडी भर उमेदीत असतानाच दावणीला गोऱ्हा वाढत असतो. ज्याने ही तजवीज केली नाही, त्याला ऐन पेरणीत बाजार गाठावा लागतो. मग व्यापारी सांगेल ती किंमत आणि सोसायटी किंवा सावकार देईल ते कर्ज! विमानाचेही तसेच आहे. दरवर्षी त्याच्या किमतीचा काही भाग बाजूला काढायचा. पण नवे विमान जुन्याहून कितीतरी महाग असते, म्हणून घसाऱ्याची रक्कम पुरत नाही. तिला नफ्याची जोड हवी, मालकाच्या भांडवलाची जोड हवी, आणि उरलेल्यासाठी फेडता येईल एवढेच कर्ज. येथे मालक होते सरकार. विमानखरेदीसारख्या मोठ्या खर्चाला दिल्लीची आगाऊ संमती लागे. म्हणजे बैल आमचा, पण गोऱ्हा कधी घ्यायचा हे ठरवणार गावची चावडी!

अशा स्थितीत जे. आर. डी. यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९५४ साली महामंडळाकडे सुपर कॉन्स्टलेशन जातीची पंख्याची नवी विमाने आली. ती पुरती रुळलीही नव्हती, तोच १९५६ साली बोइंग ७०७ या जेट विमानांची मागणी नोंदवली गेली. जगात त्या वेळी ही विमाने प्रवासी घेऊन उडूही लागली नव्हती! दोन वर्षांच्या बैलाला पर्याय शोधणारा शेतकरी गावात वेडा ठरेल. पण जेट आले की पंख्याच्या विमानात लांबच्या प्रवासाला कुणी बसणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. झालेही तसेच. १९५८ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश आणि अमेरिकन कंपन्यांची जेट अटलांटिकवर उडू लागली. १९६० साली एअर इंडियाचे पहिले बोइंग आले आणि त्याच वर्षी १४ मे रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ साली सगळा ताफा जेटचा झाला. जुनी सुपर कॉन्स्टलेशन भंगारात गेली नाहीत. त्यांतली बरीचशी भारतीय हवाई दलाच्या कामी आली.

परकीय चलनाची देशात चणचण असतानाच्या काळातली ही गोष्ट आहे. १९५७ साली जागतिक बँकेने विमानांसाठी महामंडळाला ५६ लाख डॉलरचे कर्ज दिले. कर्ज मिळाले, कारण संस्थेचा कारभार पत असण्याजोगा होता. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या काळी स्पर्धा आजच्याइतकी नव्हती. सरकारनेही मागणीला वेळेवर होकार दिला आणि रोजच्या कारभारात बराच काळ हात घातला नाही. एकट्या माणसाचे हे यश नव्हे. पण मागणी वेळेवर मांडणारा माणूस नसता, तर होकार कशाला द्यायचा?

१९७१ साली ‘एम्परर अशोक’ हे पहिले जम्बो जेट आले. १ जानेवारी १९७८ रोजी तेच विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जे. आर. डी. यांना अध्यक्षपदावरून दूर केले. १९८० साली त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले गेले, अध्यक्षपद मात्र परत आले नाही. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण एका जुन्या छोट्या विमानातून पुन्हा केले. १९९२ साली भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

चरित्र येथे संपते, पण जमाखर्च संपत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर जवळजवळ दहा वर्षे एअर इंडियाने नवी विमाने विकत घेतली नाहीत. म्हाताऱ्या आणि भाड्याच्या विमानांवर गाडा ओढला. मग २००५-०६ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स मिळून १११ विमानांची मागणी एकदम नोंदवली गेली. किंमत ४०,००० कोटी रुपयांहून अधिक, आणि २००७ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा भागभांडवल अवघे १४५ कोटी! जवळपास सगळा भार कर्जावर टाकल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी २०११ साली ताशेरे ओढले. तोट्याची कारणे आणखीही होती, पण व्याजाचे ओझे कधी उतरले नाही. २०१२ साली सरकारने २०२१ पर्यंत ३०,२३१ कोटी रुपये भांडवल ओतण्याची योजना मंजूर केली. ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज ६१,५६२ कोटींवर पोचले. त्यातले १५,३०० कोटी टाटांनी विकत घेताना अंगावर घेतले. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारी तिजोरीच्या माथी राहिले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि २०२३ साली ४७० विमानांची मागणी नोंदवली गेली.

माझ्या वडिलांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले आहे. पण काडेपेटी घेताना, खताचे पोते घेताना त्यांनी भरलेला कर त्याच तिजोरीत जातो. ज्यांनी कधी तिकीट काढले नाही, त्यांनीही हे भाडे भरले! म्हणून सरकारी संस्थेने नवे विमान कधी घेतले, कोणत्या पैशातून घेतले, हा प्रश्न केवळ विमानात बसणाऱ्यांचा नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कुणी उद्या तलाठी होईल, कुणी बँकेत बसेल, कुणी सोसायटीचा चिटणीस होईल. दुसऱ्याचा पैसा प्रत्येकाच्या हाताखालून जाणार आहे. जे. आर. डी. यांचे धाडस पस मॉथ चालवण्यात होतेच. पण आपले नाव ज्यावरून पुसले गेले, त्या संस्थेसाठी दोन वर्षांच्या विमानाला पर्याय शोधण्यात ते अधिक होते. मालक नसतानाही मालकाच्या काळजीने हिशेब ठेवणे, एवढे जरी त्यांच्याकडून शिकलो, तरी आपल्या शिक्षणाचा खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.