एका मताने निवडून आलेला नगरसेवक

आमच्या फैजपुरात नगरपालिकेची निवडणूक आली की गावाचा नूरच बदलतो. एरवी केळीच्या भावावर बोलणारी माणसे वॉर्डांचे हिशेब मांडू लागतात. एखादा उमेदवार चार-दोन मतांनी पडला, तर कोणाच्या घरचे कोण मतदानाला आले नाही याची चर्चा पुढची पाच वर्षे पुरते. अशा गप्पा ऐकताना मला वल्लभभाई पटेल आठवतात. संस्थाने विलीन करणारे सरदार नव्हेत, तर अहमदाबादच्या दर्यापूर वॉर्डातून १९१७ साली अवघ्या एका मताने निवडून आलेले वल्लभभाई.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते १९१३ साली अहमदाबादला परतले. वकिली जोरात चालू होती आणि संध्याकाळी गुजरात क्लबात पत्त्यांचा डाव रंगत असे. गाव गिरण्यांचे. रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली तिथे पहिली कापडगिरणी काढली आणि पुढे त्यांनीच नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषवले. पण गिरण्यांबरोबर दाट वस्ती आली, गटारांचा आणि पाण्याचा प्रश्न आला. त्यातच पालिकेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनमानीने लोक वैतागले होते. मित्रांनी आग्रह केला आणि चाळिशी ओलांडलेले वल्लभभाई उभे राहिले.

ते एक मत ज्याने दिले, त्या मतदाराचे नाव इतिहासात नाही. त्या काळी मताचा हक्क कर भरणाऱ्या मोजक्यांनाच होता. एवढ्याशा आधारावर पालिकेत शिरलेल्या या माणसाने आधी त्या अधिकाऱ्याच्या कारभाराला जाब विचारला. त्याच वर्षी प्लेगची साथ आली. ज्यांना जमले ते शहर सोडून गेले, पण आरोग्य समितीची जबाबदारी घेतलेले वल्लभभाई गल्लीबोळांतून फिरत राहिले.

पुढे पालिकेच्या शाळांवर सरकारचा अंकुश नको, अशी भूमिका त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. सरकारने १९२२ साली निवडून आलेले मंडळच बाजूला सारले. १९२४ साली पुन्हा निवडणूक झाली, लोकांनी त्यांच्याच पक्षाला बहुमत दिले आणि ते अध्यक्ष झाले. १९२८ पर्यंत पाणी, गटारे आणि रस्ते हेच त्यांचे राजकारण होते. त्यांचे सहकारी गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी कुटुंबातले. तेही पुढे अहमदाबादच्या पालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष.

आता फैजपूरकडे वळतो. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या साथीदारांनी त्यासाठी घाम गाळला. अध्यक्ष पंडित नेहरूंची बैलांच्या रथातून निघालेली मिरवणूक जुन्या मंडळींनी आम्हाला कितीदा वर्णन करून सांगितली आहे. पण या अध्यक्षपदासाठी वल्लभभाईंचेही नाव होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी ते मागे घेतले. नेहरूंची समाजवादी मते त्यांना पटत नव्हती आणि तसे त्यांनी जाहीरही केले. तरी प्रांतिक निवडणुका तोंडावर आल्या असताना आपसात लढत नको, असे त्यांना वाटले. गंमत अशी की १९२४ साली हे दोघेही नगरपालिकेचेच अध्यक्ष होते, एक अहमदाबादेत आणि दुसरे अलाहाबादेत.

एका मतासाठी झुंजणारा हाच माणूस देशातल्या मोठ्या मानाच्या पदावरून आपण होऊन बाजूला झाला. मला यात विसंगती दिसत नाही. दर्यापूरला उभे राहिले नसते, तर वॉर्डातली माणसे वाऱ्यावर पडली असती. फैजपूरला अडून बसले असते, तर संघटना फुटली असती. पद नव्हे, काम मोजायचे, हा हिशेब दोन्हीकडे एकच होता.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचे निधन झाले. आमच्याकडे मात्र निवडणुका येतच राहतात. माझ्या एका मताने काय होणार, असे म्हणत कोणी मतदानाच्या दिवशी ओट्यावर बसून राहिले, की मी त्याला दर्यापूरची गोष्ट सांगतो. काही जण हसतात. पण बरेचसे उठतात आणि चपला पायात सरकवतात.